पार्कूरच्या मुक्कामी जॅमला पहिल्यांदाच जाताना

पार्कूर म्हणजे धावत, चढत, उड्या मारत वाटेतले अडथळे पार करण्याची कला, आणि जॅम म्हणजे ती करणाऱ्यांनी एकत्र जमून केलेला सराव. त्याबद्दल आलेला प्रश्न असा आहे: "ताई, मी १९ वर्षांची, सांगलीची. आठ महिने पार्कूर करते, तेही बहुतेक कॉलेजच्या मैदानामागच्या पायऱ्यांवर आणि वाळूच्या खड्ड्यात. डिसेंबरात भोरजवळ नीरेच्या काठी तीन दिवसांचं जॅम आहे. तंबूत राहायचं. चाळीसेक जण येणार, त्यांत मुली आम्ही तिघीच. सगळे माझ्यापेक्षा पुढचे. जाऊ का? काय तयारी करू, काय नेऊ? आणि आईला काय सांगू?"

जा. आठ महिन्यांत रोल (उतरताना खांद्यावरून लोळून धक्का जिरवणं) यायला लागला असेल आणि तीन पायऱ्यांवरून उतरताना पाय आपटत नसतील, तर तेवढं भांडवल पुरे आहे. माझी अट एकच. तिथे झोपायची तयारी उड्या मारायच्या तयारीइतकी मनावर घेऊन जा. हसू नकोस, सांगते.

माझं पहिलं मुक्कामी जॅम झालं तेव्हा मला पार्कूर करून दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं झालेल्या माणसाला जेवढी अक्कल नसते तेवढी मला नव्हती. पहिल्या रात्री शेकोटीपाशी तीन वाजेपर्यंत गप्पा. मग तंबूत आडवी झाले तर खाली नुसती प्लॅस्टिकची ताडपत्री. गारठ्याने डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र अंगात वारं शिरलेलं. नदीतल्या दोन दगडांमधली एक उडी मी सहा वेळा मारली, सहाही वेळा नीट. दुपारी साडेचारला कुणीतरी म्हणालं, "परत एकदा मार ना, मघाशी व्हिडिओच आला नाही." मारली. पाय दगडाच्या कडेवर अर्धाच टेकला, घोटा आत वळला, आणि लिगामेंटने मला नऊ आठवडे घरी बसवलं. उडी साडेपाच फुटांची होती. आमच्या गल्लीतलं गटार त्याहून रुंद आहे.

त्यानंतर मी दहा-बारा मुक्कामी जॅमना गेले, काही स्वतः भरवली. दरवेळी तेच दिसतं. माणसं मोठ्या उडीला क्वचित पडतात, कारण मोठ्या उडीची भीती वाटते आणि भीती वाटली की माणूस दहा वेळा अंतर मोजतो. पडतात ती दुसऱ्या दिवशीच्या दुपारी, सरावाच्या उडीला, झोप झालेली नसताना, कुणीतरी बघत असताना. बाकीच्या दुखापती तर पार्कूरच्या नसतातच. रात्री लघवीला उठून तंबूच्या दोरीत पाय अडकून पडणं, ओल्या दगडावरून चपला घालून चालणं, स्टोव्हवरच्या चहाने हात भाजणं. माझ्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं अर्धं मलम तिथेच संपतं.

शरीराचंही गणित आहे. सवयीपेक्षा जास्त उड्या मारल्या, विशेषतः वरून खाली उतरण्याच्या, की स्नायू दुखायला लागतात ते लगेच नाही. २४ ते ७२ तासांत. म्हणजे शुक्रवारी दुपारी केलेला पराक्रम शनिवारी दुपारपासून मांड्यांत आणि पोटऱ्यांत बोलायला लागतो. अंग आंबलं की गुडघा हवा तेवढा वाकत नाही, टाच आधी टेकते, आणि आपल्याला वाटतं आज दगडच वाईट आहेत. त्यावर झोप नसेल तर नजर आणि पाय यांचा मेळ सुटतो. म्हणून तीन दिवसांची वाटणी आधीच ठरव. पहिला दिवस निम्म्या ताकदीने: जागा चालून बघणं, चार पायांवरची चाल, छोट्या प्रिसिजन, म्हणजे ठरलेल्या जागी नेमकं उतरायच्या उड्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, वॉर्म-अप झाल्यावर, जे काही मोठं करायचं ते करून मोकळी हो. जेवणानंतर खेळ, तोल सांभाळण्याचे प्रकार, दुसऱ्यांचं बघणं. तिसऱ्या दिवशी उडीचं नावच नको. बॅग भरायची असते आणि प्रत्येकाला "शेवटची एक" मारायची असते. त्या "शेवटच्या एक"वर माझा अजिबात विश्वास नाही.

आता झोप. थंडी वरून लागते असं सगळ्यांना वाटतं म्हणून सगळे जाड ब्लँकेट आणतात. डिसेंबरात मावळापासून भोरपर्यंत नदीकाठी पारा पहाटे १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो, आणि खरी ऊब जमीन ओढून घेते. अंगाखाली कॅरीमॅट हवीच. नसेल तर आजीची वाकळ चौघडी करून घाल, ती विकतच्या निम्म्या स्लीपिंग बॅगांना हरवते. घोंगडी मिळाली तर सोन्याहून पिवळं. घामाच्या कपड्यांत झोपू नकोस. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे. कानटोपी घाल, लाज वाटू देऊ नकोस, तिथे कुणी मॉडेलिंगला आलेलं नसतं. आणि कानात घालायचे बोळे ने. चाळिसांत किमान चार जण घोरणारे निघतात, दोघांजवळ स्पीकर असतो.

तंबू उजेडी लाव. जागा उतरती असेल तर डोकं चढाकडे. कोरड्या ओढ्यात किंवा नदीच्या वाळूवर तंबू लावू नकोस. डिसेंबरात पाऊस कुठला, असं तू म्हणशील. पण नीरेवर वरच्या अंगाला नीरा-देवघर धरण आहे, आणि रब्बीच्या आवर्तनाला पाणी सोडलं की पाऊस न पडताही पात्रातलं पाणी चढतं. गावात चौकशी करायची, "पाणी कधी सोडणार?" शेतकऱ्याला ते तारखेसकट ठाऊक असतं, कारण त्याचं सगळं त्यावर चालतं. मोठ्या झाडाखालीही वाळक्या फांद्या बघून घे. बाहेरचं कापड आतल्या कापडाला चिकटलं की पहाटे आत दव ठिबकतं, तेव्हा दोऱ्या ताणून बांध आणि दोरीला पांढरी चिंधी लटकव. रात्री उठून दोरीत पाय अडकवणाऱ्या लोकांसाठी.

जॅमला जायच्या आधी एक रात्र गच्चीवर झोपून बघ. खरंच. ज्या सामानाने गच्चीवर झोप येत नाही त्याने नदीकाठी येणार नाही, आणि गच्चीवरून खाली येऊन आणखी एक चादर घेता येते.

जमिनीबद्दल मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तू पायऱ्या आणि वाळूवर शिकली आहेस. पायरीची कड सरळ असते, दुसरी पायरी पहिलीसारखीच असते, आणि वाळू सगळं माफ करते. नदीकाठचा काळा दगड यांतलं काहीच करत नाही. आपल्या सह्याद्रीचा दगड म्हणजे लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला बेसाल्ट. त्यातला घट्ट, निळसर काळा दगड विश्वासाचा. अंगावर भोकं असलेला किंवा पांढऱ्या गारगोट्यांचे डोळे असलेला दगड लवकर झिजतो. त्याची कड हातात येते, आणि हाताची कातडीही सोलते. पात्राच्या मधोमधचे दगड पाण्याने इतके घासलेले असतात की कोरडे असतानाच गुळगुळीत लागतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असशील तर कळेल मी काय म्हणते. फोटोत बघणाऱ्याला वाटतं, वा, इथून तिथे उडी! तिथे कडा साबणासारख्या आहेत, खाली पाण्याची खोली दिसत नाही, आणि ती जागा लोकांच्या श्रद्धेची आहे. तिथे बघावं, हात जोडावेत, निघावं.

दव हा डिसेंबरचा खरा शत्रू. सकाळी सातला दगड कोरडा दिसतो आणि नसतो. तळहात दाबून बघ. गार आणि चिकट लागला तर नऊ-साडेनऊपर्यंत तो दगड वर्ज्य. हिरवट डाग असेल तर दिवसभर वर्ज्य. शेवाळ वाळलं की काळं दिसतं आणि दगडाच्या रंगात मिसळतं, ते पाण्याच्या रेषेच्या जरा वरती हमखास असतं.

माझी पद्धत अशी. ज्या दगडावर उतरायचं त्यावर आधी चालत जाते. उभी राहून वजन डावीकडे, उजवीकडे, पुढे टाकते. डुगडुगला तर विषय संपला. बुटाने कड घासते, माती-खडी हाताने झाडते. मग उतरायच्या जागेकडून उलटं बघते: चुकले तर कुठे जाईन? मागे सपाट जमीन असेल तर ठीक. दोन दगडांमध्ये फट असेल आणि पाय त्यात जाऊ शकत असेल, तर उडी कितीही सोपी असो, मी मारत नाही. पाय अडकून शरीर पुढे गेलं की नडगीचं काय होतं ते एकदा पाहिलंय, पुन्हा पाहायचं नाही. हे सगळं करायला दोन मिनिटं लागतात. जुनेजाणते हे करतात ते नव्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्या वेळी नवी मंडळी मोबाईल चार्जिंगला लावत असतात.

झाडांचंही तेच. वडाच्या पारंब्या दिसल्या की सगळ्यांचे हात शिवशिवतात, माझेही. जमिनीत रुजून खांब झालेली पारंबी पक्की. लोंबकळणारी हिरवी-कोवळी किंवा पूर्ण वाळलेली नको. आधी दोन्ही हातांनी लटकून, पाय जमिनीला लागतील इतक्या उंचीवर झोका घेऊन बघ. शेवग्यावर चढू नये असं आजी सांगायची ते शंभर टक्के बरोबर, फांदी न वाकता मोडते. सूरपारंब्या खेळलेल्या पिढीला हे सगळं न शिकवता यायचं. पार्कूर परदेशी आहे असं नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी सूरपारंब्यांची आठवण करून देते, आणि पार्कूर म्हणजे सिमेंटच्या भिंतीच असं म्हणणाऱ्यांना दुसरी गोष्ट सांगते. डेव्हिड बेलने पॅरिसजवळच्या लीस गावात ज्या पद्धतीला आकार दिला तिचं मूळ त्याचे वडील रेमों बेल यांच्या सरावात आहे. ते व्हिएतनाममध्ये लष्कराच्या अनाथ मुलांच्या शाळेत वाढले, झाडांत आणि अडथळ्यांच्या मैदानात शिकले, पुढे पॅरिसच्या अग्निशमन दलात गेले. त्यांच्याही आधी जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याने धावणं, चढणं, तोल, उचलणं, पोहणं यांची 'नैसर्गिक पद्धत' बांधली. त्याचं ब्रीद होतं, उपयोगी पडण्यासाठी बलवान व्हा. त्यामुळे नदीकाठचं जॅम ही काही नवी टूम नाही. मूळ घरी परत जाणं आहे.

तयारीला तुझ्याजवळ महिना असेल तर आठवड्यातून दोनदा वाळू सोडून कठीण जमिनीवर ये. गुडघ्याएवढ्या उंचीवरून उतर, पायाच्या पुढच्या भागावर, गुडघे बोटांच्या दिशेने, आवाज न करता. आवाज आला तर ती मोजायची नाही. वीस चांगल्या उतरल्या की थांब. चार पायांवर चालण्याचा सराव पायऱ्या उतरताना कर, कारण ओबडधोबड जागी अर्धा वेळ तसंच फिरायचं असतं. एका पायावर उभं राहून दात घास, घोट्यासाठी यापेक्षा स्वस्त व्यायाम मला माहीत नाही. मल्लखांब केला असशील तर पकड तुझी आमच्यापेक्षा चांगलीच असेल. पण मल्लखांबाच्या मुली गादीवर उतरायला सरावलेल्या असतात, दगडावर उतरताना हमखास गडबडतात, तेव्हा तिकडे लक्ष दे. निघण्याआधीचे पाच दिवस हलकं ठेव. शेवटच्या आठवड्यात नवीन काही शिकून गेलेलं कुणीच धड परत येत नाही.

सगळे तुझ्यापेक्षा पुढचे आहेत म्हणतेस. असतील. पण जॅम ही स्पर्धा नसते, नंबर निघत नाहीत. सकाळी गोल करून वॉर्म-अप होतो, मग गट पडतात, एखादा दगड किंवा भिंत घेऊन प्रत्येक जण आपापल्या पातळीचं काहीतरी शोधतो. आव्हानं दिली जातात: हा दगड ते ते झाड, जमिनीला पाय न लावता. तुला तिथे सगळ्यात जास्त शिकवणारी माणसं ती नाहीत ज्यांचे व्हिडिओ तू पाहिलेत. अशी एखादी व्यक्ती शोध जी एकच लहान उडी तासभर मारत बसली आहे. तिच्या शेजारी जाऊन बस, पाच मिनिटांनी विचार, "काय बदलताय तुम्ही?" अशा माणसाला हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो, ती तुला सोडणारच नाही.

"चल ना, जमेल तुला" हे वाक्य तिथे शंभरदा ऐकू येईल, प्रेमाने म्हटलेलं. त्याला उत्तर आधीच पाठ करून जा: "आज नको, उद्या सकाळी बघते." कारण द्यायची गरज नाही. ज्या गटात एवढ्यावर विषय संपतो तो चांगला गट. टाळ्या वाजायला लागल्यावर उडी मारायची नाही हा माझा स्वतःचा नियम आहे. टाळ्या थांबल्या, लोक पांगले, तरी मारावीशी वाटली तर ती माझी उडी. आणि व्हिडिओसाठी पुन्हा एकदा, हे तर तुला कळलंच.

मुली तिघीच आहात, त्याबद्दल. आयोजकांना आधी फोन करून सरळ विचार: मुलींचे तंबू वेगळे आणि कुठे, जबाबदार बाई कोण आहे, शौचालयाची सोय काय, रात्री दारू चालते का. ही विचारणा ऐकून जो अवघडतो किंवा हसण्यावारी नेतो त्याच्या जॅमला जाऊ नकोस, मग तो कितीही मोठा उडीबाज असो. बाकी दोघींचे नंबर घेऊन एकत्र तंबू ठरवा आणि रात्री शौचाला जाताना दोघींनी जा, विजेरी घेऊन. पाळीची तारीख त्या सुमारास असेल तर घाबरू नकोस, मी पाळीतही सराव केलाय. अंग जड वाटलं तर बसून राहायचं. दुप्पट पॅड, कागदी पिशव्या आणि वापरलेलं परत आणायला झाकणाचा डबा ने. नदीकाठी पुरायचं नाही, कुत्री उकरतात. आणखी एक. नवीन व्हॉल्ट, म्हणजे हात टेकून अडथळा ओलांडायचा प्रकार, शिकवताना शेजारी उभं राहून कुणी आधार देतो, दंडाला किंवा पाठीला हात लावतो. चांगला प्रशिक्षक आधी सांगतो कुठे धरणार. सांगितलं नाही तर तू विचार, नको असेल तर नको म्हण, आणि आधाराशिवाय जमेल एवढ्या लहान अडथळ्यावर शीक. आमच्या वेळी हे बोलायची पद्धत नव्हती. बोलायला हवं होतं.

आयोजकांना विचारायच्या आणखी दोन गोष्टी. शेत कुणाचं, त्या मालकाला चाळीस जण दगडांवर उड्या मारणार हे माहीत आहे का. नुसतं "कॅम्पिंग" सांगून जागा घेतलेली असली की दुसऱ्या दिवशी भांडण ठरलेलं. आणि गाडी कुणाची थांबणार आहे. भोरला सरकारी रुग्णालय आहे, पण तिथपर्यंत रात्री दोन वाजता कोण नेणार हे आधी ठरलेलं असावं. १०८ लागतो, पण जागेवर मोबाईलला रेंज कुठे येते हे पहिल्याच संध्याकाळी बघून ठेव.

कुणी म्हणेल, इथवर आलोच आहोत तर किल्ल्यावर किंवा जुन्या मंदिरात एक सेशन करू. त्यात पडू नकोस. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाला इजा पोहोचवली तर १९५८च्या कायद्याखाली, २०१०च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायदा बाजूला ठेव; साडेतीनशे वर्षांच्या तटाचा सुटा चिरा तुझ्या वजनाने निघाला तर तो परत कुणीच बसवू शकत नाही, आणि पुढची दहा वर्षं त्या तालुक्यात पार्कूरवाल्यांना कुणी उभं करणार नाही. नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवरही बायका धुणं धूत असतील, दशक्रिया चालू असेल. विचारायचं, नाहीतर लांब राहायचं.

साप-किरडूंची भीती घालत नाही, पण दोन सवयी लाव. तंबूची चेन कायम बंद, आणि बूट आत, सकाळी झटकून घालायचे. विंचवाला बुटाची ऊब आवडते. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, आणि चावल्याची खूण किंवा वेदना जवळजवळ नसते. पहाटे कुणाच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, पोटात कळ आली, बोलणं जड झालं, तर अपचन समजून ओवा देत बसायचं नाही, थेट रुग्णालय. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय किंवा हात फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवायचा आणि न्यायचं. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, तेव्हा साप पकडून न्यायची मर्दुमकी नको. कड्याखाली किंवा उंच झाडावर आग्या मोहोळ दिसलं तर त्या बाजूला धूर, अत्तर आणि आरडाओरडा बंद. उठल्याच माशा तर तोंड झाकून पळ, हात झाडू नकोस.

घोटा मुरगळला तर: चार पावलं टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाला किंवा मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. नाहीतर गार पाण्याच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, पाय उंच, आणि जॅम संपलं तुझ्यापुरतं. चोळायचं नाही, गावातला माणूस कितीही हात बसवणारा असला तरी. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी त्या दिवशी पुन्हा उडी नाही; उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा विसंगत बोलणं सुरू झालं तर गाडी काढायची.

सामानाचं फार लिहीत नाही, याद्या सगळेच देतात. बूट पातळ, सपाट, एकसंध रबराच्या तळव्याचे. ट्रेकिंगच्या जाड खाचांच्या बुटांनी दगड पायाला कळतच नाही, ते चालायला ठेव. लांब पँट, कारण गुडघे सोलतात. चिकटपट्टी, कात्री, कातडी सोलली की धुवायला साबण. डोक्याची विजेरी. दोन लिटर पाण्याची सोय. आणि ओआरएस, नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. थंडीत तहान कळत नाही म्हणून दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात. खायला शेंगदाण्याची चिक्की, गूळ, आईने दिलेल्या दशम्या. सकाळी पोहे भरपूर खाऊन लगेच उड्या नको, तासभर जाऊ दे. रात्रीची पिठलं-भाकरी मात्र सोडू नकोस. मी एका जॅमला डाएटच्या नावाखाली प्रोटीन पावडरवर राहिले होते. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून दुसऱ्याच्या ताटातली भाकरी मागून खाल्ली.

पाण्यात पोहायला सगळे उतरतील. धरणाच्या फुगवट्यात किंवा अनोळखी डोहात उडी नाही, सूर तर नाहीच. तळाला गाळ, झाडांची खोडं असतात. पाण्यात उडी मारणं हे पार्कूर येण्या-न येण्याशी काही संबंध नसलेलं काम आहे. कमरेएवढ्या पाण्यात बस, पोटऱ्यांना बरं वाटतं.

आता आई. "मैत्रिणीच्या गावी चाललेय" असं सांगून जाऊ नकोस. घोटा सुजवून परत आलीस तर त्या गोष्टीचं काय करशील? तिला एकदा तुझा सराव बघायला मैदानावर घेऊन जा. उडी दाखवू नकोस. उतरणं दाखव, रोल दाखव, आणि एखादी गोष्ट तू नाही म्हणून सोडून देतेस हे दाखव. माझ्या आईचा विरोध त्या दिवशी संपला ज्या दिवशी तिने मला भिंतीवर चढून, वीस मिनिटं विचार करून, खाली उतरून येताना पाहिलं. "म्हणजे डोकं आहे अजून," एवढंच म्हणाली. आयोजकांचा, तंबूतल्या दोघींचा आणि शेताच्या मालकाचा नंबर लिहून फ्रिजवर लाव. रोज रात्री आठला फोन करीन म्हण, आणि कर; रेंज नसेल तर तसं आधीच सांग. तरी नाही म्हणाली तर आधी एका दिवसाच्या जॅमला जा, संध्याकाळी घरी ये. मुक्काम पुढच्या वर्षीही असेल.

जाताना सांगलीहून पुण्याच्या एसटीने कापूरहोळला उतरून भोरची गाडी घेता येते. येताना तिसऱ्या दिवशी कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसू नकोस. तो चालवणाराही दोन रात्री झोपलेला नसतो. एसटीत खिडकीशी बस आणि झोप. घरी पोचलीस की कितीही कंटाळा आला तरी तंबू गच्चीवर पसरून वाळव; मी एकदा ओलाच गुंडाळून ठेवला होता, महिन्याने उघडला तर बुरशीने असा काळा पडलेला की भाड्याचे पैसे गेले ते गेलेच, वर दुकानदाराची बोलणी खावी लागली.